सेल नसलेलं पेन

पेन डिस्प्ले म्हणजे ज्यावर पेनाने थेट चित्र काढता येतं अशी स्क्रीन. तिच्यासोबत आलेलं पेन पहिल्यांदा हातात घेतलं की माणूस ते उलटंसुलटं करून चार्जिंगची जागा शोधतो. अनेक पेनांना ती नसतेच. आत सेल नाही, बाहेर वायर नाही. फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या दांडीवर गुंडाळलेली बारीक तार, वीज क्षणभर साठवणारा एक कपॅसिटर आणि टोकाशी दाब ओळखणारा भाग, एवढाच ऐवज. तरीही पेन काचेपासून थोडं वर धरलं की कर्सर त्याच्यामागे पळू लागतो.

याचं उत्तर मला सतारीत सापडतं. वाजवायच्या तारांखाली तरफांच्या तारा असतात. त्यांना कोणी छेडत नाही, पण वर त्यांचा सूर लागला की त्या आपोआप झंकारतात. पेनातली गुंडाळी आणि कपॅसिटर मिळून अशीच एका सुरात जुळवलेली तरफेची तार तयार होते. स्क्रीनच्या मागे तारांच्या वेटोळ्यांची जाळी असते, ती त्याच सुरात चुंबकीय क्षेत्र सोडते. हा सूर सेकंदाला साधारण ५ लाख आवर्तनांचा असतो. मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला लागणारी आकाशवाणीची अस्मिता वाहिनी त्याच्या शेजारचीच. पेन त्या क्षेत्रातून ऊर्जा घेऊन थरथरू लागतं. लगेच जाळी बोलणं थांबवून ऐकू लागते आणि पेनाची न विरलेली थरथर तिच्या वेटोळ्यांत उमटते. सेकंदाच्या साधारण पन्नास हजाराव्या भागात एकदा बोलणं, एकदा ऐकणं, असं हे अखंड चालू असतं. १९८३ साली जपानमध्ये स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीचं नाव या तंत्राशी कायमचं जोडलं गेलं आहे.

पेनाची नेमकी जागा कशी कळते, हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. १९६४ साली अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेने केलेल्या टॅब्लेटमध्ये, म्हणजे पेनाने लिहायच्या पाटीत, इंचाला १०० अशा तांब्याच्या रेषा होत्या, आणि पेनाला वायर होती. जितका बारकावा हवा तितक्या तारा, असा तो सरळ हिशोब. आजच्या जाळीत वेटोळी काही मिलिमीटर अंतरावर असतात, तरी जागा मिलिमीटरच्या छोट्या अंशापर्यंत कळते. पेनाचा प्रतिसाद एका वेटोळ्यात मोठा, शेजारच्यात जरा कमी आणि पलीकडे अगदी क्षीण येतो. या चढउतारावरून शिखर नेमकं कुठे असेल ते गणिताने काढलं जातं. गणित किंवा जुळवणी कच्ची असेल तर रेघ लहरते. म्हणून पेन डिस्प्ले घेताना पट्टी लावून एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढून पाहा. भरभर ओढलेल्या रेघेत हा दोष लपून जातो.

दाबाचंही तसंच. टोक दाबलं की पेनातल्या गुंडाळी-कपॅसिटरच्या जोडीचा सूर किंचित बदलतो आणि जाळी तो फरक ओळखते. जाहिरातीत ८,१९२ पातळ्या असं ठळक छापलेलं असतं, पण त्या आकड्यावर पैसे खर्चू नयेत असं माझं मत आहे. एवढ्या पायऱ्या हाताला वेगळ्या जाणवत नाहीत. खरा प्रश्न असतो पहिल्या स्पर्शाचा. चित्रात पापणीचा केस रेखाटताना टोक जेमतेम टेकतं, तेव्हा रेघ उमटते का? दाबाचे पहिले काही ग्रॅम वाया जात असतील तर हलक्या हाताच्या चित्रकाराचा हात वर्षभरात जड होऊन जातो.

चुंबकीय क्षेत्र काचेतून आणि स्क्रीनच्या थरांतून आरपार जातं, म्हणून जाळी मागे बसवता येते. ॲपल पेन्सिलची गोष्ट वेगळी. तिच्यात बॅटरी असते, ती स्वतः संकेत सोडते आणि स्पर्श ओळखणारा पुढचा थर तो पकडतो. दोन्ही पद्धतींत काच मात्र मध्ये येतेच. काच दीड मिलिमीटर जाड असेल आणि आपण ४५ अंशांतून पाहत असू, तर टोक आणि रेघ यांच्यात सुमारे ०.८ मिलिमीटरची फारकत दिसते. काच आणि पॅनेल (चित्र दाखवणारा आतला थर) यांच्यामध्ये हवेची फट असेल तर आणखी जास्त. पॅनेलला काच चिकटवून ती फट काढून टाकलेला डिस्प्ले म्हणूनच जास्त दाम देऊन घ्यावा.

उशिराचा हिशोब सोपा आहे. हात सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने जात असेल आणि रेघ उमटायला ५० मिलिसेकंद लागत असतील, तर ती टोकाच्या दीड सेंटिमीटर मागे राहते. २०१९ मध्ये ॲपलने हा उशीर २० वरून ९ मिलिसेकंदांवर आणला. हात पुढे कुठे जाईल याचा आधीच अंदाज बांधणं, ही त्यातली एक युक्ती.

देवनागरी सुलेखन करणाऱ्यांची अडचण मात्र यातल्या कशानेच सुटत नाही. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. अक्षरातलं जाड-बारीक दाबातून नव्हे, दिशेतून येतं. कापाच्या दिशेने गेलं की रेघ बारीक, आडवं गेलं की जाड. चपटा ब्रश एका कोनात धरून ठेवायचं काम सॉफ्टवेअर सहज करतं. पण कसलेला हात अक्षराच्या मध्येच बोटांत बोरू फिरवतो. साध्या पेनातली गुंडाळी गोल असते. तिचा कल जाळीला कळतो, पण ती स्वतःभोवती फिरली तर प्रतिसाद तसाच राहतो. हे फिरणं ओळखणारी पेनं वेगळी बनवावी लागतात, आणि ती फार थोडी आहेत. वेलांटीच्या वळणावर बोटं किंचित वळवून रेघ निमुळती करत न्यायची असेल, तर तसंच पेन शोधायला हवं.