फोचा रस्सा नितळ कसा राहतो?

फो म्हणजे मांसाच्या रश्शातल्या तांदळाच्या नूडल्सचं व्हिएतनामी सूप. चांगल्या फोच्या वाडग्यात वरून डोकावलं की रश्शातून तळाच्या नूडल्स दिसतात. रंग फिका सोनेरी, वर चरबीचे बारीक ठिपके. घोट घेतला की मात्र ओठ एकमेकांना किंचित चिकटतात. तासन्‌तास हाडं शिजूनही रस्सा गढूळ नाही, आणि नितळ असूनही पांचट नाही. घरी फो करताना खरी मेहनत आहे ती इथे. मसाल्यांचं त्या मानाने सोपं आहे.

फो तसा फार जुना पदार्थ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर व्हिएतनाममध्ये, हनोई आणि नाम दिन्हच्या परिसरात तो रूढ झाला. तिथे गाई-बैल प्रामुख्याने शेतकामाचे. फ्रेंच अमलात बीफची मागणी वाढली आणि हाडं मुबलक मिळू लागली. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेकडून लाखो लोक दक्षिणेत गेले, त्यांच्याबरोबर फोही गेला. मोड आलेले मूग, तुळशीची पानं, गोडसर सॉस हा सगळा थाट दक्षिणेतला. हनोईचा फो अजूनही साधा असतो, आणि मला तोच बरा वाटतो.

आता हाडांकडे वळू. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे मिळतील ती हाडं म्हशी-रेड्याची. त्याने काही बिघडत नाही. म्हशीची चरबी पांढरी असते, कारण चाऱ्यातलं कॅरोटीन हे पिवळं रंगद्रव्य तिच्या शरीरात साठत नाही. रश्शावरचे ठिपके तेवढे कमी पिवळे दिसतील. गोव्यात किंवा परदेशात राहणाऱ्यांना बीफ सहज मिळतं. चार माणसांसाठी दोन किलो हाडं घ्यावीत: थोडी नळी, जास्त सांधे.

सांधे जास्त, कारण कोलॅजेन तिथे असतं. कूर्चा, स्नायुबंध, कातडी यांना ताकद देणारं हे प्रथिन म्हणजे एकमेकांभोवती पिळलेल्या तीन साखळ्या. पाण्यात बराच वेळ तापवलं की पीळ सुटतो, साखळ्या मोकळ्या होऊन पाण्यात उतरतात. हेच जिलेटिन. ओठ चिकटतात ते त्याच्यामुळे. रस्सा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बघा. सकाळी थरथरला तर हाडांनी काम केलं. पण हे काम सावकाश होतं. ९० अंशांच्या आसपास पाच-सहा तास तरी लागतात.

आच वाढवून वेळ वाचवावा असं इथेच वाटतं, आणि रस्सा इथेच बिघडतो. खळखळून उकळणाऱ्या पाण्यात वर तरंगणारी चरबी फुटून तिचे सूक्ष्म थेंब होतात. पाण्यात उतरलेली प्रथिनं आणि जिलेटिन त्या थेंबांभोवती बसतात, थेंब पुन्हा एकत्र येत नाहीत, आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरला की रस्सा दुधट दिसतो. जपानमधल्या डुकराच्या हाडांच्या रामेनला, म्हणजे तिथल्या नूडल्सच्या सूपला, हाच दुधटपणा मुद्दाम हवा असतो. फोला तो नको. पातेल्यात मिनिटाला मोजके बुडबुडे फुटावेत, एवढीच आच.

त्याआधी हाडं एकदा गार पाण्यात घालून दहा मिनिटं सणसणीत उकळायची, ते पाणी फेकून द्यायचं आणि हाडं नळाखाली घासून धुवायची. रक्तातली प्रथिनं गोठून जो करडा फेस होतो, तो इथेच निघून जातो. बरेच जण ही पायरी टाळतात, आणि मग रस्सा कपड्यातून तीनदा गाळत बसतात.

कांदा आणि आलं सालीसकट थेट गॅसवर धरायचं, भरताचं वांगं भाजतो तसं, आणि मग काळं साल खरवडून टाकायचं. या भाजण्यात कांद्याची साखर आणि अमिनो आम्लं यांची मेयार अभिक्रिया होते, रश्शाला रंग आणि खमंगपणा येतो. आल्यातल्या तिखट जिंजरॉलचा काही भाग उष्णतेने बदलून सौम्य, गोडसर झिंजेरोन तयार होतं.

मसाले आपल्या ओळखीचेच आहेत: चार-पाच चक्रीफुलं, दालचिनी, तीन-चार लवंगा, एक मसाला वेलची, थोडे धणे. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारं चक्रीफूलही बरंचसं व्हिएतनाम आणि चीनमधूनच येतं. त्याचा वास मुख्यतः अॅनेथॉल या द्रव्याचा. ते पाण्यात जेमतेम विरघळतं, चरबीत मात्र सहज. म्हणून सगळी चरबी काढून टाकली तर वासही तिच्याबरोबर जातो. पातळ थर राहू द्यावा. शिवाय हे वास उडून जाणारे आहेत. मसाले कोरडे भाजून, पुरचुंडी बांधून शेवटच्या तासातच सोडावेत. पहिल्यापासून घातले तर घरभर घमघमाट होतो आणि वाडग्यात कडवटपणा उरतो.

फिश सॉस अगदी शेवटी. छोटे मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवले की त्यांच्या प्रथिनांतून ग्लुटामेट मोकळं होतं. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी उमामी चवीचा, म्हणजे मांसाच्या सुपात लागते त्या भरीव चवीचा, संबंध याच द्रव्याशी जोडला. मांसातून इनोसिनेट हे उमामी वाढवणारं दुसरं द्रव्य येतं. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या एकाच ग्राहकावर (रिसेप्टरवर) ही दोन्ही शेजारी-शेजारी बसतात, आणि मिळून लागणारी चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. चमचाभर सॉसने पातेलंभर रस्सा का बदलतो, ते यावरून कळावं.

तांदळाच्या नूडल्स वेगळ्या पाण्यातच शिजवायच्या, नाहीतर त्यांचं पिठूळ पाणी आधीची सगळी मेहनत बुडवतं.

वाडग्यात कच्च्या मांसाचे पातळ काप ठेवून वरून रस्सा ओतण्याची रीत आहे. इथे साधा हिशोब करून बघा. ४०० मिली रस्सा ९५ अंशांचा, २०० ग्रॅम नूडल्स आणि वाडगा गार, काप फ्रिजमधले, तर सगळं मिळून तापमान ६५ अंशांच्या आसपास स्थिरावतं. मांस जेमतेम रंग बदलतं. नूडल्स वाफाळत्या आणि वाडगा गरम असेल तर तेच ८० च्या वर राहतं. तरीही उघड्या बाजारातलं मांस असेल तर काप आधी पळीभर उकळत्या रश्शात पूर्ण शिजवून घ्यावेत, हे माझं मत.

सहा तास गॅस परवडत नसेल तर आपला कुकर आहेच. आत तापमान १२० अंशांपर्यंत जातं आणि कोलॅजेन दीड-दोन तासांत सुटतं. दाब टिकून असेपर्यंत आतलं पाणी खळखळत नाही, म्हणून रस्साही नितळ राहतो. पण शिट्टी झाली की दाब एकदम पडतो, १२० अंशांचं पाणी क्षणात उसळतं आणि चरबी घुसळली जाते. तेव्हा दाब भरला की आच इतकी बारीक करायची की एकही शिट्टी होणार नाही. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलायची नाही, कुकर आपोआप निवू द्यायचा. पुरचुंडी त्यानंतर, झाकण काढून, मंद आचेवर पाऊण तास.