गुण कमी, याद्या जास्त

चीनमध्ये सरकार प्रत्येक नागरिकाला गुण देतं, सिग्नल तोडला की ते कापले जातात आणि फार घसरले की विमानात बसता येत नाही, असं ‘सोशल क्रेडिट’चं (सामाजिक पतीचं) चित्र आपल्या मनात पक्कं बसलंय. 2018 मध्ये अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्या भाषणातही त्याचाच सूर होता. पण साऱ्या देशाला लागू असा एकच गुणांक चीनमध्ये नाही.

मग आहे काय? मुख्यतः याद्या. ऐपत असूनही कोर्टाचा निकाल न पाळणाऱ्यांची नावं तिथलं सर्वोच्च न्यायालय 2013 पासून जाहीर करतं. लोक त्यांना ‘लाओलाय’ म्हणतात, आपल्या भाषेत कर्जबुडवे. एकदा नाव चढलं की विमानाचं, वेगवान रेल्वेचं तिकीट मिळत नाही, आलिशान हॉटेलात उतरता येत नाही, मुलांना महागड्या खासगी शाळेत घालता येत नाही. 2018 अखेरपर्यंत विमानाची तिकिटं अशी सुमारे 1 कोटी 75 लाख वेळा नाकारली गेली.

गुणांची गोष्ट अगदीच हवेतली नाही. शानडोंगमधल्या रोंगचंग शहरात नागरिकाला सुरुवातीलाच 1000 गुण मिळत. जिआंगसूमधल्या सुइनिंगने 2010 मध्ये असाच प्रयोग केला, तेव्हा चीनमधल्याच वर्तमानपत्रांनी त्याची तुलना जपानी ताब्याच्या काळातल्या ‘सज्जन नागरिक’ दाखल्यांशी केली होती. अलिबाबा या चिनी ऑनलाइन व्यापार कंपनीच्या परिवारातल्या कंपनीचा ‘सेसमी क्रेडिट’ (350 ते 950 गुण) हा तर खासगी स्कोअर. तो चांगला असला की भाड्याच्या सायकलला अनामत लागत नसे. परदेशी बातम्यांनी हे सगळं एकाच पिशवीत भरलं.

चिनी लोकांना काय वाटतं? बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीच्या 2018 च्या ऑनलाइन पाहणीत 80 टक्के लोकांनी अशा पद्धतींना पसंती दिली. फसवणुकीने गांजलेल्या बाजारात समोरच्याची पत आधी कळणं त्यांना मोलाचं वाटतं, हे मला पटतं. युरोपीय संघाने मात्र माणसांना असं सामाजिक गुणांकन देणाऱ्या एआयवर फेब्रुवारी 2025 पासून बंदी घातली आहे.

गुणांपेक्षा मला याद्यांचीच जास्त भीती वाटते. लिऊ हू हे पत्रकार अब्रुनुकसानीचा खटला हरले आणि 2017 मध्ये विमानाचं तिकीट काढायला गेले, तेव्हा त्यांना कळलं की आपण काळ्या यादीत आहोत.