सळईवरचे ४५ मिलिमीटर

मालवण, हर्णै किंवा श्रीवर्धनच्या किनाऱ्यालगत स्लॅबच्या छताचा गिलावा फुगून पडलेला आणि आतली सळई तांबूस होऊन उघडी पडलेली अनेक घरांत दिसते, तर शेजारचे जुने कौलारू घर चिऱ्याच्या भिंतींवर उभे असते. त्यावरून पूर्वीची बांधकामे पक्की होती असे म्हणणे सोपे आहे. खरे कारण इतकेच, की चिऱ्याच्या भिंतीत खाऱ्या वाऱ्याला गंजवायला लोखंडच नसते.

ताज्या काँक्रीटचा सामू १२.५ ते १३ असतो आणि त्या तीव्र अल्कधर्मी परिसरात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर धरतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड (मिठाचा एक घटक) काँक्रीटच्या छिद्रांतून झिरपत सळईपर्यंत पोहोचले की हा थर फुटतो. खाडीची रेती न धुता वापरली असेल, तर क्लोराइड आधीच आत असतात, त्यांना पोहोचायचीही गरज नसते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागत असल्यामुळे काँक्रीट आतून तडकते. वरून पुन्हा गिलावा केल्याने फक्त भेग झाकली जाते.

म्हणूनच आयएस ४५६ : २००० हे भारतीय मानक किनारी हवामान 'तीव्र' वर्गात धरते आणि सळईवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटर आच्छादन, किमान एम ३० प्रतीचे (म्हणजे ठरावीक ताकदीचे) काँक्रीट व सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीपेक्षा अधिक नाही इतके पाणी मागते. प्रत्यक्षात 'माल घट्ट झालाय, पाणी सोड' या एका हाकेने हे प्रमाण बिघडते.

सिमेंटच्या बाजूने या प्रश्नावर झालेले एक संशोधन अनेक देशांच्या सहकार्यातून उभे राहिले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठ, क्यूबातील शास्त्रज्ञ आणि दिल्ली व मद्रास येथील आयआयटी यांनी मिळून सुमारे निम्मे क्लिंकर (भट्टीत भाजून केलेला सिमेंटचा मूळ घटक), ३० टक्के भाजलेली केओलिनयुक्त माती (केओलिन म्हणजे पांढऱ्या चिकणमातीतले खनिज), १५ टक्के चुनखडी आणि थोडे जिप्सम असे मिश्रण विकसित केले. क्लिंकरला सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमान लागते, तर ही माती ७०० ते ८५० अंशांना भाजते, त्यामुळे कार्बन उत्सर्जनही बरेच घटते. किनाऱ्याला महत्त्वाचे हे, की या काँक्रीटची छिद्रे बारीक असतात आणि मातीतल्या ॲल्युमिनामुळे (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडमुळे) काही क्लोराइड आतच बांधले जातात. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने अशा सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे मानक प्रसिद्ध केले. मात्र हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपुढे त्याची अल्कधर्मिता लवकर उतरते, तेव्हा आच्छादनात काटकसर करण्याची सवलत त्यातून मिळत नाही.

शिवाय अशा मिश्र सिमेंटच्या काँक्रीटवर किमान दहा दिवस पाणी मारावे लागते. कोकणात बांधकामाची घाई नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात असते आणि तेव्हाच किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालते. पाण्याची ही तपासणी कोणी आणि कुठे करून द्यायची, हे ठरल्यावाचून वाडीतल्या गवंड्यापर्यंत हे संशोधन पोहोचले असे म्हणता येत नाही.