मल्टीग्रेन म्हणजे होलग्रेन नव्हे

"मी पांढरा ब्रेड सोडला, आता फक्त मल्टीग्रेन." हे कुणी अभिमानाने सांगितलं की मी पाकीट मागून घेते आणि उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचते. माणसं वैतागतात, पण पाकिटावर कणसांचं चित्र, खाली 'सात धान्यं' आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं, हे इतक्यांदा पाहिलंय की आता राहवत नाही. मीही असं एक पाकीट वर्षभर मोठ्या श्रद्धेने आणत होते, तेव्हा हा राग थोडा स्वतःवरचाही आहे.

मल्टीग्रेन काय ते सगळ्यांना कळतं: एकाहून जास्त धान्यं. बस, त्या शब्दात एवढाच अर्थ आहे. सातही धान्यं पॉलिश करून, कोंडा काढून घातली तरी तो पदार्थ मल्टीग्रेनच. होलग्रेन, म्हणजे संपूर्ण धान्य, हा वेगळ्याच प्रश्नाचा शब्द आहे. धान्य किती प्रकारचं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दाण्यातलं काय काय शिल्लक आहे, एवढंच तो सांगतो.

म्हणून गव्हाचा एक दाणा घ्या आणि उभा चिरून बघा. बाहेर तपकिरी कोंडा, वजनाने साधारण १४-१५ टक्के. एका टोकाला इवलासा अंकुर, जेमतेम २-३ टक्के. बाकी सगळा पांढरा पिठाळ गर. मैदा म्हणजे फक्त तो गर. फायबर बहुतेक सगळं कोंड्यात, तेल आणि ई जीवनसत्त्व अंकुरात, बी गटातली बरीच जीवनसत्त्वं आणि खनिजं या दोघांत मिळून. हे दोन्ही काढून टाकले की पीठ पांढरंशुभ्र होतं आणि महिनोन्‌महिने टिकतं, कारण खवट होणारं तेलच निघून गेलेलं असतं. व्यापाराला हे सोयीचं. काही ठिकाणी नंतर लोह आणि थोडी जीवनसत्त्वं वरून मिसळतात, पण गेलेलं फायबर त्याने परत येत नाही.

कोंड्याने किती फरक पडतो याचा एक जुना धडा कोंबड्यांनी दिला. १८९० च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरच्या लक्षात आलं, की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराच्या रोग्यांसारखे. आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. बी-१ जीवनसत्त्वाचा शोध पुढे याच वाटेने लागला आणि १९२९ मध्ये आइकमानना नोबेल विभागून मिळालं. त्या कोंबड्यांपुढे सात धान्यं नव्हती. धान्य दोन्ही वेळा तेच होतं, तांदूळ.

आता इथेच दुसरी गल्लत होते. होलग्रेन म्हणजे दाणा डोळ्यांना अख्खा दिसलाच पाहिजे असं नाही. दळा, भरडा, चपटा करा. कोंडा, अंकुर आणि गर मुळातल्या प्रमाणात राहिले की झालं. म्हणून चपटे ओट्स होलग्रेन आहेत, अगदी झटपट शिजणारेसुद्धा. उलट मोत्यासारखी गोल, गुळगुळीत पर्ल बार्ली दिसायला अख्खी, पण तिचा कोंडा घासून काढलेला असतो. ओट्स-बार्लीचं सर्वांत बाहेरचं टरफल काढणं वेगळं. ते खाण्याजोगं नसतंच, त्याचा शोक करू नका.

पाकीट कसं वाचायचं? घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून पहिलं नाव बघा. तिथे मैदा असेल तर पुढची सहा नावं शोभेची. बऱ्याच देशांत मैद्यालाही नुसतं 'गव्हाचं पीठ' म्हणतात, तेव्हा 'होल' किंवा 'संपूर्ण' शब्द त्या पहिल्या नावालाच चिकटलेला हवा. मग आकडे: दर १० ग्रॅम कर्बोदकांमागे निदान १ ग्रॅम फायबर. १०० ग्रॅम मैद्यात कर्बोदकं साधारण ७६ ग्रॅम आणि फायबर ३ च्या आत. संपूर्ण गव्हाच्या पिठात ७२ ग्रॅमच्या आसपास, पण फायबर १० च्या वर. मात्र वरून कोंडा किंवा चिकोरीच्या मुळाचं फायबर घालूनही ही परीक्षा पास होता येते, म्हणून आधी यादी, नंतर आकडे.

तपकिरी रंगावर जाऊ नका, तो मळीचा किंवा कॅरॅमलचा असू शकतो. ऑरगॅनिक आणि ग्लुटेनमुक्त हे तर वेगळेच विषय, त्यांचा कोंड्याशी काही संबंध नाही.

तर मग मल्टीग्रेन वाईट का? नाही. सगळी धान्यं संपूर्ण असतील तर उत्तमच. पण घरी रोज शिजवायला मला एका वेळी एकच धान्य आवडतं, आणि त्याचं कारण निव्वळ पातेल्यातलं आहे. तांदूळ, गहू, बार्ली एकत्र टाकून बघा: पांढऱ्या तांदळाचा लगदा होतो तेव्हा गहू दाताखाली कचकचत असतो. ब्राऊन राइसला पाऊण तास, रात्रभर भिजवलेल्या अख्ख्या गव्हाला तासभर, असा ज्याचा त्याचा हिशोब. मी पाणी मोजतही नाही. भरपूर उकळत्या पाण्यात धान्य सोडते, दाण्याची शिवण उकलली की एक चावून बघते, मऊ पण किंचित चिवट लागला की चाळणीत ओतते आणि झाकून दहा मिनिटं वाफेवर ठेवते.

विविधता हवी तर ती धान्याच्या शेजारी आणा. सात तृणधान्यं एकत्र केली तरी प्रथिनांतलं लायसिन हे अमिनो आम्ल कमीच राहतं, कारण ती उणीव बहुतेक तृणधान्यांची सामाईक आहे. मूठभर कडधान्य ती भरून काढतं. एक संपूर्ण धान्य, एक कडधान्य, दोन भाज्या, वर लिंबू पिळून थोडं तेल, एवढ्यात जेवण होतं. आणि संपूर्ण पीठ थोडं थोडंच आणा, फ्रीजमध्ये ठेवा, वापरण्याआधी वास घ्या. अंकुरातलं तेल आहे ते, खवट झालं की नाकाला लगेच कळतं.