लाइटवेट विजेता ते राष्ट्रीय प्रशिक्षक: या वाटेची पार्श्वभूमी

नौकानयनात उंची आणि वजन यांचा सरळ फायदा मिळतो. हात-पाय लांब असले की वल्ह्याचा पाण्यातला पल्ला वाढतो आणि नव्वद-पंचाण्णव किलोंचं शरीर त्या पल्ल्यात जास्त ताकद ओततं. लहान चणीच्या खेळाडूंनाही वरच्या पातळीवर जागा मिळावी म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने वजनाची मर्यादा घातलेला लाइटवेट गट काढला. जागतिक स्पर्धेत पुरुषांचा लाइटवेट गट 1974 साली ल्युसर्नला आला, महिलांचा 1985 मध्ये. ऑलिंपिकचं दार मात्र 1996 च्या अटलांटापर्यंत उघडलं नाही. तिथे पुरुषांची डबल स्कल्स (दोघांची बोट, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही), पुरुषांची चौघांची बोट आणि महिलांची डबल स्कल्स अशा तीन शर्यती ठेवल्या गेल्या.

नियम वाचायला सोपा आहे. पुरुष खेळाडू 72.5 किलोंच्या वर नको आणि संघाची सरासरी 70 च्या आत हवी. महिलांसाठी हेच आकडे 59 आणि 57. खरी मेख वजन करण्याच्या वेळेत आहे. त्या दिवसाच्या पहिल्या शर्यतीआधी दोन तास ते एक तास, एवढ्याच खिडकीत वजन होतं, आणि शर्यतीच्या प्रत्येक दिवशी होतं. जिथे वजन आदल्या दिवशी होतं अशा खेळांसारखं घाम गाळून रात्रभरात पाणी भरून काढणं इथे जमत नाही. काट्यावर उभं राहण्यासाठी दोन किलो पाणी काढलं, तर त्याची किंमत शेवटच्या 500 मीटरमध्ये मोजावी लागते.

सरासरीच्या नियमामुळे डबल स्कल्समध्ये वजन ही दोघांची सामाईक शिल्लक होते. एकाचं 71.4 भरलं, तर दुसऱ्याला 68.6 वर यावंच लागतं. कुणी किती उतरवायचं हे महिनोन्महिने आधी ठरतं, नाहीतर स्पर्धेच्या आठवड्यात एकाचा उपास दुसऱ्याच्या माथी येतो. हिवाळ्यात वजन बेफाम वाढू देऊन उन्हाळ्यात ते झपाट्याने काढणं, ही सगळ्यात नेहमीची चूक. खाणं सतत कमी पडत राहिलं की मासिक पाळी थांबते, हाडं कमजोर होतात आणि बरगडीला ताणामुळे बारीक भेग पडते. 2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंमधल्या या ऊर्जेच्या तुटवड्यावर सविस्तर निवेदन काढलं. लाइटवेट गटाला हे दुखणं जुनंच ओळखीचं होतं.

या गटाने प्रशिक्षक का घडवले, याचं उत्तर या बंधनातच आहे. सगळेच 70 किलोंचे म्हटल्यावर ताकदीचा फरक उरतो थोडा. मग निकाल ठरतो वल्हं पाण्यात किती चटकन धरलं जातं, सीट पुढे सरकताना बोट किती कमी अडते आणि दोघांची लय किती जुळते, यावर. जागतिक विक्रम शेजारी ठेवले की हे दिसतं: वजनाची मर्यादा नसलेल्या खुल्या गटातल्या पुरुषांच्या डबल स्कल्सचा 5:59.72, लाइटवेटचा 6:05.33. माणशी वीसेक किलो कमी असून 2000 मीटरमध्ये फरक सहा सेकंदांहून कमी. हलक्या संघाने बोट पाण्यात कमी बुडते आणि घर्षण घटतं हे खरं, पण त्यातला मोठा वाटा तंत्राचाच. ऑस्ट्रेलियाचा पीटर अँटनी 1986 मध्ये लाइटवेट सिंगल स्कल्सचा जगज्जेता झाला आणि 1992 ला बार्सिलोनात खुल्या गटाच्या डबल स्कल्सचं सुवर्ण जिंकून गेला. ब्रिटनकडून लाइटवेट गटात वल्हवलेले रॉबिन विल्यम्स पुढे केंब्रिजचे प्रशिक्षक झाले, आणि हेलन ग्लोव्हर-हेदर स्टॅनिंग या जोडीला त्यांनी 2012 आणि 2016 अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवून दिली. ही जोडी खुल्या गटातली होती, हे विसरू नये.

तरी खेळाडू म्हणून अंगी मुरलेल्या काही सवयी राष्ट्रीय संघाकडे येताना सोडाव्या लागतात. पहिली सवय स्ट्रोक रेटची. लाइटवेट संघ मिनिटाला 38-40 स्ट्रोक सहज टिकवतो. तोच आकडा जड संघावर लादला की स्ट्रोक आखूड होतो आणि बोट नुसती धडपडते. दुसरी सवय अर्गोमीटरचा, म्हणजे जमिनीवर वल्हवण्याच्या यंत्राचा, आकडा जसाच्या तसा वाचण्याची. यंत्राला माणसाचं वजन वाहून न्यावं लागत नाही, बोटीला लागतं. प्रचलित सूत्रात पौंडातलं वजन 270 ने भागून त्याचा 0.222 वा घात घेतात आणि वेळेला त्याने गुणतात. 72.5 किलोंच्या माणसाची 6:10 ही वेळ या हिशेबाने सुमारे 5:29 होते, तर 95 किलोंच्या माणसाची 5:50 ही सुमारे 5:31. यंत्रावर वीस सेकंदांनी मागे असलेला कागदावर पुढे निघतो. पण सूत्र म्हणजे अंदाज. त्यावर संघ निवडला तर भांडणं ठरलेली.

निवड होते ती सीट रेसिंगने. दोन चौघांच्या बोटी स्ट्रोक रेट बांधून 1000 किंवा 1500 मीटर शेजारी शेजारी पळवायच्या, दोघांची अदलाबदल करायची आणि पुन्हा पळवायचं. आधी पहिली बोट 2 सेकंदांनी जिंकली आणि बदलानंतर दुसरी 1 सेकंदाने, तर त्या दोघांतला फरक 3 सेकंद. मध्येच वारा फिरला, कुणी पहिल्या फेरीत जपून वल्हवलं किंवा रेट दोन स्ट्रोकनी चढला, की हा आकडा फुकट. काट्यावर शंभर ग्रॅमसाठी झगडलेला माणूस इथे सहसा शिस्तीचा निघतो, नोंदी कटाक्षाने ठेवतो.

रिओ 2016 नंतर लाइटवेट चौघांची बोट ऑलिंपिकमधून गेली. पॅरिस 2024 ही डबल स्कल्सचीही अखेर ठरली. लॉस एंजेलिस 2028 साठी किनाऱ्यावरच्या बीच स्प्रिंटला (वाळूवरून धावत जाऊन समुद्रात वल्हवायची छोटी शर्यत) जागा मिळाली आहे, आणि तिथला सपाट पाण्यातला मार्गही 2000 ऐवजी 1500 मीटरचा असेल. हलक्या खेळाडूला आता खुल्या गटातच जागा शोधायची आहे. मोठ्या बोटीत ती बहुतेकदा बो सीटची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाजवळची, असते. बोटीचं ते टोक निमुळतं असतं, तिथे वजन कमी आणि हात हलका असेल तर टोक कमी खाली-वर होतं, आणि बोट तिरकी झाल्याची पहिली जाणीवही तिथेच होते.