कप (द्रवमाप)

मिलिलिटरमधील द्रवाचे आकारमान स्वयंपाकघरात सांगण्याचे एकक. मिलिलिटरच्या आकड्याला कपाच्या क्षमतेने भागले की कप निघतात. वाद आहे तो या भाजकाचा.

अमेरिकी रूढ कप २३६.५८८ मिलि. भरतो. तो २३१ घन इंचांच्या वाइन गॅलनचा सोळावा भाग होय. हे गॅलन इंग्लंडमध्ये राणी ॲनच्या काळात, १७०६–०७ च्या सुमारास, कायद्याने ठरले. ब्रिटनने १८२४ मध्ये ते सोडून मोठे इम्पीरियल गॅलन स्वीकारले. अमेरिकेने जुनेच चालू ठेवले. अमेरिकी पोषणतक्त्यांत कप २४० मिलि.चा धरतात, ऑस्ट्रेलियात २५०, जपानात २००. काठाशी सपाट मोजण्याच्या शिस्तीचे श्रेय बोस्टनच्या पाककृतिलेखिका फॅनी फार्मर यांना (१८९६) देतात. कपाने मोजणे मात्र त्याआधीचे असल्याने त्यांना जनक न म्हणता प्रसारक म्हणणे अधिक सयुक्तिक. भारतीय बाजारातले संच २४० किंवा २५० मिलि.चे असतात.

दशमान पद्धतीपूर्वी (कायदा १९५६) घरोघरी निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर अशी दुपटीने चढणारी मापे होती. चार शेरांची पायली. वजनी शेर ८० तोळ्यांचा (सुमारे ९३३ ग्रॅम), पण मापी शेर गावागणिक बदले. त्याचे कपात कोष्टक देणे धोक्याचेच.

सगळे जिन्नस एकाच भांड्याने मोजले, तर भांडे कोणतेही चालते. बिघडते ते पाणी मिलिलिटरमध्ये आणि पीठ कपात दिलेल्या कृतीत. बिबड्यांच्या (ज्वारीच्या खान्देशी पापडांच्या) घाट्याला, म्हणजे शिजवलेल्या पिठाला, १,५०० मिलि. पाणी म्हणजे २५० च्या कपाने ६, २४० च्या कपाने सव्वासहा आणि २०० च्या कपाने साडेसात कप. २०० च्या कपाने सहाच घातले तर ३०० मिलि. कमी पडते, घाटा घट्ट होतो, ज्वारी कच्ची राहते.

खान्देशात घाणीचे तेल किलोने घेतात. एक किलो शेंगदाणा तेल साधारण १.०९ लिटर, म्हणजे २४० च्या कपाने साडेचारहून थोडे अधिक. किलोला लिटर समजल्यास शेतातल्या भरीत पार्टीच्या हिशेबात किलोमागे सुमारे ९० मिलि.ची चूक होते. मेच्या उन्हाने तेल फुगते, पण २० अंशांच्या फरकाने कपामागे तीन-चार मिलि.च, ते सोडून द्यावे.

उरलेला भाग चमच्याने भरावा : ३५० मिलि. म्हणजे २४० चा एक कप, १५ मिलि.चे सात मोठे चमचे व ५ मिलि.चा एक लहान. काचेचे माप सपाट ओट्यावर ठेवून, डोळे रेघेच्या पातळीला आणून, पाण्याच्या खोलगट पृष्ठभागाचा तळ वाचावा. घरातली वाटी किती मिलि.ची हे ठाऊक नसेल तर ती काठोकाठ भरून पाणी तोलावे. जितके ग्रॅम, जवळपास तितके मिलिलिटर.