मागेल त्याला कॅमलॉट

१४८५ च्या जुलैअखेरीस इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टरच्या आपल्या छापखान्यात टॉमस मॅलरीचं 'ल मॉर्त दार्थर' छापून पूर्ण केलं. आर्थर राजा, त्याचे नाइट म्हणजे चिलखती सरदार आणि त्याची राजधानी कॅमलॉट यांच्या कथांचा हा ग्रंथ. प्रस्तावनेत तो म्हणतो की, राज्यातली बडी मंडळी वारंवार येऊन विचारत होती, आर्थर राजाची कथा अजून का छापली नाहीस? म्हणजे मागणी आधी आणि छपाई नंतर. पण शिशाचे अक्षर-खिळे जुळवायचे तर एकदम ढीगभर प्रती काढण्याला पर्याय नव्हता. त्या ढिगातल्या आज दोनच उरल्या आहेत. एक न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे, दुसरी मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात, आणि तीही अपुरी.

बरोबर पाचशे वर्षांनी, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या केऑसियम कंपनीने 'किंग आर्थर पेंड्रॅगन' हा खेळ एका खोक्यात घालून विकायला काढला. हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून आणि तोंडी गोष्ट रचत खेळायचा भूमिकाखेळ. कर्ता ग्रेग स्टॅफर्ड. १९७५ मध्ये कंपनी त्यानेच सुरू केली होती. मॅलरीचा ग्रंथ हा त्याचा मुख्य आधार.

त्या काळच्या बहुतेक भूमिकाखेळांत राक्षस मारा, खजिना लुटा, ताकद वाढवा असा मामला असे. इथे प्रत्येक खेळाडू एक नाइट होतो, आणि स्टॅफर्डने त्या नाइटच्या स्वभावालाच आकडे दिले. गुणदोषांच्या तेरा जोड्या, आणि प्रत्येक जोडीची बेरीज २०. दया १३ असेल तर क्रौर्य ७. एखादा गुण १६ किंवा त्याहून वर गेला की नाइट त्यासाठी पंचक्रोशीत नावाजला जातो, पण मग ऐन वेळी काय करायचं ते खेळाडूच्या हाती पुरतं राहत नाही. शरण आलेल्या शत्रूला सोडायचं की नाही, हे फासा ठरवू शकतो. दुसरी युक्ती हिवाळ्याची. साधारण एका बैठकीत खेळातलं एक वर्ष सरतं, आणि वर्षाअखेरी, हिवाळ्यात, हिशेब मांडायचा: पीक कसं आलं, घोडा जगला का, मूल झालं का. पस्तिशीनंतर म्हातारपणाचे फासे पडू लागतात. नाइट मेला की त्याचा मुलगा घेऊन खेळ पुढे चालू. २००६ मध्ये आलेल्या 'द ग्रेट पेंड्रॅगन कॅम्पेन' या जाडजूड पुस्तकात इ. स. ४८५ ते ५६६ असा पट आहे. दर आठवड्याला न चुकता बसलं तरी दीड वर्ष हवं. मोठी माणसं दर आठवड्याला न चुकता कशालाच बसत नाहीत, तेव्हा चार-पाच वर्षं धरून चाला.

अडचण इथेच होती. खेळ पिढ्यांचा, प्रकाशक मात्र टिकेनात. तिसरी आवृत्ती १९९० ची आणि चौथी १९९३ ची (दुसरी कधी निघालीच नाही). नव्वदीच्या उत्तरार्धात संग्राह्य पत्त्यांच्या खेळांचा फुगा फुटला, त्यात केऑसियमचेही हात पोळले आणि १९९८ मध्ये पेंड्रॅगन 'ग्रीन नाइट' नावाच्या छोट्या कंपनीकडे गेलं. २००४ मध्ये ते व्हाइट वुल्फ या भूमिकाखेळांच्या दुसऱ्या प्रकाशकाने घेतलं आणि पुढच्या वर्षी पाचवी आवृत्ती काढली. नंतर पाळी नॉक्टर्नल मीडियाची. ही स्टुअर्ट वीकची कंपनी, आणि वीक हा व्हाइट वुल्फच्याच संस्थापकांपैकी एक. दर वेळी मालक बदलला की शिल्लक साठा संपेपर्यंत दुकानात पुस्तकं दिसत, मग जुन्या बाजारात जास्त किमतीला. नाइटचा नातू मैदानात उतरायच्या वेळी नियमांचं पुस्तक बाजारातून गायब!

मागणीनुसार छपाईचं, म्हणजे ऑर्डर आली की तेवढीच प्रत छापून देणारं, यंत्र तोवर दुसरीकडे तयार झालं होतं. पुस्तकांचा मोठा अमेरिकी वितरक इन्ग्रॅम याने १९९७ मध्ये टेनेसीतल्या ला व्हर्न इथे लाइटनिंग प्रिंट सुरू केलं. पुढे त्याचं नाव लाइटनिंग सोर्स झालं. नेहमीच्या ऑफसेट छपाईला प्लेटा करायच्या आणि यंत्र लावायचं, हा खर्च एक प्रत काढा वा हजार, तेवढाच येतो. डिजिटल छपाईत प्लेटच नाही, म्हणून एकच प्रत काढणंही परवडतं. भूमिकाखेळांच्या पीडीएफ विकणाऱ्या ड्राइव्हथ्रूआरपीजीने ही सोय जोडून घेतली, आणि नॉक्टर्नलच्या काळात पेंड्रॅगनची पुस्तकं त्या वाटेने छापून मिळू लागली. सरदारांच्या जहागिरीचा जमाखर्च, लढायांचे नियम, आर्थरच्या बापाची कारकीर्द असल्या विषयांची ही पुस्तकं शंभर जणांनाच हवी असणार. हजार प्रतींची जोखीम त्यांच्यावर कुणी घेतली नसती. माझ्या मते या छपाईचा खरा फायदा मुख्य पुस्तकाला नाही, या आडवाटेच्या पुस्तकांना झाला.

फुकट काहीच नाही. प्रती वाढल्या म्हणून इथे दर उतरत नाही. रंगीत पानं महाग, आणि स्वस्त दर्जाच्या छपाईत चित्रं फिकट येतात. बांधणी बहुधा डिंकाची, शिवणीची नव्हे, त्यामुळे टेबलावर सताड उघडं राहणारं पुस्तक हवं असेल तर निराशा पदरी येते. ज्या जुन्या पुस्तकांच्या मूळ फाइलीच नाहीत ती स्कॅन करूनच छापावी लागतात, आणि अक्षरांच्या कडा विस्कटतात. नकाशा, फासे आणि दोन-तीन पुस्तिका घातलेलं खोकं तर या यंत्रातून निघतच नाही.

वीक २०१७ मध्ये गेला, स्टॅफर्ड ऑक्टोबर २०१८ मध्ये. त्यानंतर दोन महिन्यांत पेंड्रॅगन केऑसियमकडे परत आलं. स्टॅफर्डने मागे ठेवलेल्या लेखनावरून सहावी आवृत्ती उभी राहिली. तिचा नियमग्रंथ २०२४ मध्ये आला, पण त्याआधी २०२३ मध्ये कंपनीने नवख्यांसाठी जे काढलं ते खोकंच होतं, १९८५ सारखं. म्हणजे एकगठ्ठा छपाई आणि गोदाम, दोन्ही पुन्हा आलंच.